उपाशी पैलवान कोणी पाहिलाय?

नवोदित कलाकारांचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेली जुगलबंदी सुरू होते. एका बाजूला ज्येष्ठ रसिक. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात दोन मैफलींच्या मधल्या वेळात कान उघडे ठेवले की त्यांचं म्हणणं फुकटात ऐकायला मिळतं: आजच्या पोरांना सगळं झटपट हवं, रियाजाच्या नावानं बोंब, भीमसेननं अकराव्या वर्षी घर सोडलं, गुरूघरी पाणी भरलं, तेव्हा कुठे तो आवाज झाला. दुसऱ्या बाजूला विशी-पंचविशीतली मुलं. ती म्हणतात, पाणी भरणं नि पाय चेपणं ही वेठबिगारी होती, तुम्ही तिला तपश्चर्येचा मुलामा दिलात. आम्हाला त्या कथा सांगू नका, खोलीचं भाडं कोण भरणार ते सांगा. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघांचीही गफलत एकच आहे. कलेसाठी सोसणं ही एकसंध गोष्ट आहे असं त्यांनी धरून चाललंय. एकाला ती सगळीच्या सगळी पवित्र वाटते, दुसऱ्याला सगळीच्या सगळी टाकाऊ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कला शिकताना जे कष्ट पडतात ते आजवर कोणाला चुकले नाहीत आणि कोणी चुकवूही नयेत. पण त्यांच्या जोडीनं जी उपासमार, मानहानी आणि फुकटची राबणूक तरुण कलाकाराच्या गळ्यात पडते, तिच्यातून कोणी काही शिकत नाही. ती नुसती चाळणी आहे, आणि त्या चाळणीची भोकं घरच्या ऐपतीच्या मापानं पाडलेली असतात. गुणांशी त्यांचा संबंध नसतो. शिवाय ज्या जुन्या व्यवस्थेचे दाखले आपण उठता-बसता देतो, तिनं शिष्याला हालांबरोबर आसराही दिला होता. आपण आसरा काढून घेतला आणि हाल तेवढे परंपरा म्हणून जपले.

आधी खऱ्या कष्टांबद्दल, कारण त्यांची कल्पना नसलेले लोक दोन्हीकडून बोलत असतात. पहाटे उठून खर्ज लावायचा म्हणजे काय करायचं? खालच्या सप्तकातला एकच स्वर दम संपेपर्यंत धरून ठेवायचा, तो जरासुद्धा हलू द्यायचा नाही. पहिले काही महिने घशातून फक्त हवा आणि खरखर येते. शेजाऱ्याला ते गाणं वाटत नाही. खरं सांगायचं तर गाणाऱ्यालाही वाटत नाही. मग एखादा पलटा, म्हणजे ठरावीक क्रमानं फिरणारी स्वरांची ओळ. तोच, त्याच लयीत, मग दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात, मग आकारात म्हणजे नुसत्या ‘आ’वर. आकार जिथे फाटतो तिथे थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. एकटा यमन राग वर्ष-वर्ष चालतो. तानपुरा जुळवणं ही तर वेगळीच विद्या. खुंटी पिळून तार ढोबळ सुरात आणायची, मणी सरकवून बारीक फरक काढायचा, घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे करत बसायचं. सगळं मनासारखं जमलं की खर्जाच्या तारेतून कोणीच न छेडलेला गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, ऐकू यायला लागतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येण्याइतका कान तयार व्हायला फार काळ जातो, आणि कान तयार झाला की स्वतःचं बेसूर स्वतःलाच सहन होईनासं होतं. म्हणजे जसजसं शिकावं तसतसा त्रास वाढत जातो. मोबाइलमधल्या तानपुऱ्यानं सोय झाली, पण जुळवताना कानाला मिळणारी ही शिकवणी त्यात नाही.

हे कष्ट गडगंज घरातल्या मुलालाही तितकेच पडतात. त्यांना बगल देणारा कोणताही कोर्स निघालेला नाही, आणि तसा दावा कोणी करत असेल तर त्याला खुशाल हसावं. पण भूक लागल्यानं खर्ज खाली उतरतो का? घरमालकाच्या तगाद्यानं गंधार लवकर ऐकू येतो का?

समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र याच्यापुढे सुरू होतो, आणि तो टाळून चालणार नाही. गुरूघरची कामं ही निव्वळ कामं नव्हती, असं जुने लोक म्हणतात, आणि ते बरोबर आहे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गुरूच्या शोधात वणवण फिरले, पडतील ती कामं केली. त्या कामांच्या बदल्यात त्यांना जे मिळालं ते तासाच्या शिकवणीत मिळणारं नव्हतं. गुरू अंघोळ करताना काय गुणगुणतो, चिडल्यावर कोणता राग धरतो, मैफलीच्या आदल्या रात्री काय टाळतो, एखादी बंदिश चारचौघांत कशी गातो आणि एकटा असताना कशी, हे घरात राहणाऱ्यालाच कळतं. त्याला शिकवलेलं मिळतं आणि न शिकवलेलंही. त्यात वर्षानुवर्षं थांबायची तयारी लागते, आणि ज्याला थांबवत नाही तो आपोआप बाजूला होतो. आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून, ऑनलाइन होणाऱ्या शिकवणीत ही गोष्ट येत नाही, हे तरुणांनी कबूल करायला हवं. बरेचसे करतातही, खासगीत.

पण मग या व्यवस्थेत मोलाचं काय होतं? पाणी भरणं की त्या घरात असणं? याचा निकाल लावायला एक उदाहरण जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखं उपलब्ध आहे. 1930 च्या दशकाची अखेर, हुबळीजवळचं कुंदगोळ, रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचं घर. तिथे दोन शिष्य शिकत होते. एक भीमसेन जोशी. ते घरात राहत, लांबून पाणी आणत, आणि दिवसभर, रात्रीबेरात्री जे काही त्या घरात वाजेल-गायलं जाईल ते त्यांच्या कानावर पडत असे. दुसऱ्या गंगूबाई हनगल. त्या हुबळीहून रेल्वेनं यायच्या आणि शिकून परतीची गाडी पकडायच्या. बाईमाणसाला गुरूघरी राहून शिकायची सोय नव्हती. त्यात घरचा संसार, मुलं, आणि मैफली करून घर चालवायची जबाबदारी. रस्त्यानं जाताना ‘गाणेवाली’ म्हणून टोमणे ऐकायचे ते वेगळेच. संध्याकाळी त्यांना स्टेशनवर पोचवायला भीमसेन जायचे, अशी आठवण सांगितली जाते. हाल मोजायचे तर कोणाचे जास्त भरतील? सोसण्यानंच गाणं येत असतं तर गंगूबाईंना तालीम अर्ध्या वेळात पुरी पडायला हवी होती. तसं झालं नाही. त्यांच्या वाट्याला गुरूचा सहवास कमी आला आणि बाकीचं सगळं जास्त आलं. तरी त्या गंगूबाई झाल्या, याचं श्रेय त्यांच्या गळ्याला, बुद्धीला आणि चिकाटीला. टोमण्यांना त्यातलं काहीही देण्याची माझी तयारी नाही.

भीमसेनांच्या घर सोडण्याच्या गोष्टीचंही असंच. 1933 मध्ये अकरा वर्षांचा मुलगा गदगहून निघतो, विनातिकीट गाड्या बदलत ग्वाल्हेरपर्यंत जातो, पुढे कलकत्ता, जालंधर करतो. विलक्षण गोष्ट आहे, मलाही आवडते. पण ती सांगताना आपण काय गाळतो? ग्वाल्हेरला शिंदे सरकारचं माधव संगीत विद्यालय होतं, म्हणून तिथे जाण्यात अर्थ होता. वडील शिक्षक होते. त्यांनी मुलाचा माग काढला, त्याला परत आणलं, आणि नंतर सवाई गंधर्वांकडे तालीम सुरू झाली. म्हणजे परतायला घर होतं. त्या काळात गाण्याच्या, नाटकाच्या नादानं घरातून पळालेली पोरं काय एकदोन होती? नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडांत, स्टेशनांवर, धर्मशाळांत ती किती विरून गेली, त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. जो पोचला त्यानंच गोष्ट सांगितली, आणि आपण त्या गोष्टीवरून रस्ता चांगला होता असं ठरवलं. आणखी एक प्रश्न विचारून पाहा. 1933 मध्ये अकरा वर्षांची मुलगी अशीच विनातिकीट गाडीत चढली असती तर तिची गोष्ट पुढे काय झाली असती? ज्या रस्त्यावर निम्म्या माणसांना पाऊलही टाकता येत नाही, तो रस्ता म्हणजे कलेची कसोटी, असं कसं म्हणायचं?

खरं तर हा वाद कोल्हापुरात मिटायला हवा होता. 1895 ते 1922 थोर गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते. ज्या गायकीतून पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर उभ्या राहिल्या, ती या काळात पोटापाण्याच्या चिंतेपासून दूर राहू शकली, कारण खाँसाहेबांचा पगार दरबाराच्या खर्चात होता. त्याच महाराजांनी 1912 मध्ये खासबाग मैदान बांधलं, तालमींना बळ दिलं, पैलवानांना खुराक बांधून दिला. आता मला सांगा, कोल्हापुरात एखाद्या वस्तादाला जाऊन कोणी म्हणालं, की पोराला दूध-बदाम कशाला, उपाशी ठेवा, भुकेला पैलवानच जिद्दीनं लढतो, तर त्याचं काय होईल? वस्ताद त्याला कुस्तीच्या हौद्यात ओढतील. जोर-बैठकांचे कष्ट पैलवानालाच करावे लागतात आणि म्हणूनच त्याच्या खुराकाची सोय दुसऱ्या कोणीतरी करावी लागते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, वर्गणी निघाली. ही गोष्ट आपण सांगतो तेव्हा तिच्यात शरम असते: पदक आणू शकणाऱ्या माणसाला प्रवासाच्या पैशांसाठी दारोदार फिरावं लागलं, ही शरम. मग गाणाऱ्याच्या, नाचणाऱ्याच्या, चित्रकाराच्या दारिद्र्याची गोष्ट सांगताना त्याच सुरात कौतुक कुठून येतं?

या कौतुकाचा कळस पाहायचा असेल तर तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आठवा. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, असं सांगितलं जातं. महाराष्ट्रात ही गोष्ट व्यासपीठांवरून सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचं काय करावं ते कळत नाही. विठाबाईंच्या जिगरीला सलाम आहेच. पण खेळ थांबवला तर सुपारी बुडेल, फड बुडेल, ही पाळी ज्या धंद्यानं तिच्यावर आणली त्याचं काय? राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ही बाई शेवटची वर्षं हलाखीत काढून 2002 मध्ये गेली. आता तिच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. नारायणगावला हंगामाआधी राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, फडमालक कर्ज काढतो, कलाकार उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतो आणि ती फेडण्यात पुढचा हंगाम जातो. 2020 आणि 2021 च्या जत्रा कोरोनात बुडाल्या तेव्हा ही साखळी किती कच्ची आहे ते सगळ्यांनी पाहिलं. तमाशात वाढणाऱ्या पोरीला सोसायला शिकवावं लागत नाही. तिला गाणं, अदा, संवाद शिकवायला वस्ताद लागतो, वेळ लागतो, आणि नेमकं तेच दोन्ही उचलीत गहाण पडलेलं असतं.

आजच्या शहरी शिष्याचा दिवस याहून सुखाचा असेल असं वाटत असेल, तर मराठवाड्यातून पुण्यात गाणं शिकायला आलेल्या मुलीबरोबर एक दिवस काढावा. मी अशी एक मुलगी जवळून पाहतो. कॉट बेसिसवर खोली, खोलीत आणखी तिघी, त्यातली एक रात्रपाळी करून सकाळी झोपणारी. म्हणजे पहाटेचा खर्ज बाद. गच्चीवर बसावं तर खालच्या काकूंची तक्रार. तानपुरा घरून आणलाच नाही, ठेवणार कुठे? शिकवणीचे पैसे तासावर. ते भरायला ही संध्याकाळी सोसायट्यांमध्ये लहान मुलांना परीक्षेची गाणी शिकवते, तीन-चार तास त्यांच्या पट्टीत, त्यांच्या आवाजावर आवाज चढवून, आणि स्वतः रियाजाला बसते तेव्हा गळा संपलेला असतो. महिन्या-दोन महिन्यांतून गुरूंच्या मैफलीत मागे तानपुऱ्यावर बसायला मिळतं. त्यातून शिकायला मिळतं, ते खरं. रिक्षाचे पैसे मात्र तिचे.

तिच्यात आणि कुंदगोळच्या शिष्यात फरक काय, ते नीट पाहा. तो घरकाम करायचा, त्या बदल्यात डोक्यावर छप्पर, दोन वेळचं जेवण आणि चोवीस तास गाणं. ती त्याच्यापेक्षा जास्त तास राबते आणि त्या राबण्यातला एक तासही तिला गाण्याजवळ नेत नाही. ज्येष्ठ रसिकांना जी तपश्चर्या हवीय ती करायला हिला वेळच राहिलेला नाही. आजची मुलं रियाज करत नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशोब मांडावा.

सरकारची मदत आहे की, असं कोणीतरी म्हणेलच. आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, मुदत दोन वर्षं. पुण्या-मुंबईत एवढ्या पैशांत खाट मिळते, ताट मिळत नाही. आणि दोन वर्षांत काय होतं? केसरबाई 1921 मध्ये अल्लादियाखाँकडे शिकायला लागल्या आणि 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिकत होत्या. पंचवीस वर्षं कोणी पोसावं असं मी म्हणत नाही. पण ख्याल गळ्यावर चढायला किती काळ लागतो हे ठाऊक असलेल्या माणसानं दोन वर्षांची मुदत ठरवली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

नाटक-मालिकांच्या धंद्यात तर हाल हा करारातला न लिहिलेला भाग झालाय. दिवसाला बारा-तेरा तासांची पाळी आणि पैसे नव्वद दिवसांनी, ही तक्रार मराठी मालिकांत काम करणाऱ्या कोणाकडूनही ऐकायला मिळेल. नव्वद दिवस वाट कोण पाहू शकतो? ज्याचं मुंबईत स्वतःचं घर आहे तो. बाकीचे गावाकडे परततात आणि आपण म्हणतो, टिकण्याची जिद्द नव्हती.

इथे किशोरी आमोणकरांची आठवण काढायला हवी, कारण त्यांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवला होता. त्यांच्या आई मोगूबाईंनी पतीच्या निधनानंतर तीन मुलांना गाण्याच्या जोरावर वाढवलं. मैफलीला बाहेरगावी गेल्यावर आईला कसं वागवलं जायचं, कुठे उतरवलं जायचं, बिदागी देताना काय चालायचं, हे किशोरीताईंनी लहानपणी तानपुरा घेऊन मागे बसताना पाहिलं, आणि पुढे मुलाखतींतून ते सांगितलंही. आपल्याला हे चालणार नाही, असं त्यांनी ठरवलं. उतरण्याची नीट सोय हवी, मानधन ठरल्याप्रमाणे हवं, गाताना मंडपात शांतता हवी. एवढ्यावर महाराष्ट्रानं त्यांना लहरी ठरवून टाकलं. त्यांच्या लहरींचे किस्से अजून चवीनं सांगितले जातात. आता विचार करा. आईनं निमूट सोसलं म्हणून तिचं गाणं थोर झालं असेल, तर न सोसणाऱ्या लेकीचं गाणं उतरायला हवं होतं. उतरलं का? रियाजात त्या स्वतःला सूट देत नव्हत्या, हे त्यांच्या टीकाकारांनाही मान्य होतं. कष्ट ठेवून अपमान नाकारता येतो, याचा इतका ठळक पुरावा डोळ्यांसमोर असताना आपण त्याचे विनोद केले.

तरुणांच्या बाजूच्या आळसाबद्दलही बोलायला हवं. गुरू-शिष्य नात्यातल्या प्रत्येक मागणीला शोषण म्हणणं सोपं आहे आणि सध्या खपतंही. एकच पलटा महिनाभर घ्यायला लावणारा गुरू छळत नसतो. ‘अजून मैफल करू नकोस’ असं सांगणारा बहुतेक वेळा भलंच सांगत असतो, जरी रील्सवर ते पटत नसलं तरी. पण याच नात्याच्या आडोशानं खरा छळही झालाय. 2023 मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्य-संगीत संस्थेतल्या विद्यार्थिनींना लैंगिक छळाच्या आरोपांवरून आंदोलनाला बसावं लागलं, तेव्हा बाकीच्या देशातल्या शिष्यांना फारसं आश्चर्य वाटलं नसावं. शिष्यानं निवारा, विद्या, मैफली आणि पुढची ओळख या चारही गोष्टींसाठी एकाच माणसावर अवलंबून राहायचं, आणि सोसणं हाच त्याचा दागिना मानायचा, असं शिकवल्यावर दुसरं काय होणार? शिष्याच्या जेवणाची सोय गुरूच्या मर्जीवर नसेल तर त्याला गुरूच्या गाण्यापुढे झुकता येईल आणि हातापुढे नाही म्हणता येईल.

मग सरकारी अनुदानांवर पोसलेली अर्जबहाद्दर मंडळी तयार होतील, हा आक्षेप उरतो. त्यात दम आहे. शिफारशीनं शिष्यवृत्ती मिळवलेले लोक सगळ्यांच्याच ओळखीचे असतात. पण नीट चालवलेल्या आश्रयानं काय होतं तेही दिसलंय. 1981 मध्ये मध्य प्रदेश सरकारनं भोपाळला ध्रुपद केंद्र काढलं, झिया फरीदुद्दीन डागर यांना गुरू नेमलं, मोजक्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन त्यांच्याजवळ ठेवलं. ध्रुपद ही जुनी गायकी संपल्यात जमा आहे असं तेव्हा बोललं जात होतं. त्या केंद्रातून गुंदेचा बंधू आले, आज पुण्यात शिकवणारे उदय भवाळकर आले. कलकत्त्याच्या संगीत रिसर्च अकादमीत शिष्य गुरूंच्या आवारात राहून, विद्यावेतन घेऊन शिकतात. किशोरवयात तिथे आलेल्या ख्यालगायक रशीद खाँचं पुढे काय झालं ते सांगायला नको, आणि आपले उल्हास कशाळकर तिथे 1993 पासून गुरू म्हणून राहिले. या मुलांना खाऊपिऊ घातल्यानं त्यांचा रियाज ढिला पडला का?

शिवाय हा आक्षेप शंभर वर्षांपूर्वीही घेतला गेला होता. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, संगीतशास्त्रज्ञ भातखंडे घराण्यांच्या कुलुपातल्या बंदिशी मिळवून छापायला लागले, तेव्हा शाळेत का कुठे गवई होतात, असं म्हणणारे होतेच. पलुस्करांनी निवासी शिष्यांच्या जेवणाखाण्याचा भार विद्यालयावर घेतला. लहानपणी लोकांच्या घरी स्वयंपाक केलेल्या, गिरणीत काम केलेल्या ओंकारनाथ ठाकुरांना भरूचच्या एका पारशी गृहस्थानं मुंबईला पलुस्करांच्या विद्यालयात धाडलं. पलुस्करांच्याच हाताखाली विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास तयार झाले. हा भार पेलताना पलुस्कर कर्जात बुडाले आणि विद्यालयाची मुंबईची इमारत लिलावात गेली. शिष्यांना हालांपासून वाचवायला त्यांनी स्वतःचे हाल करून घेतले, आणि आपण गोष्ट सांगताना शिष्यांनीच कसे हाल सोसले एवढंच सांगतो.

प्रत्येक हौशी पोराला समाजानं पोसावं का? मुळीच नाही. बहुतेक जण मागे पडतील आणि पडायलाही हवेत. निवड कडक असावी, पडद्याआडून गाणं ऐकून करावी, दर वर्षी तपासावी, आणि थोड्यांनाच पण पाच-सहा वर्षं पुरेल असं काही द्यावं. जो गळेल तो गाण्यात कमी पडला म्हणून गळावा. गावोगावच्या नगरपालिकांची नाट्यगृहं सकाळी कुलूपबंद असतात. त्यातल्या दोन खोल्या सहा ते दहा रियाजाला दिल्या तर झाडलोट आणि पहारेकऱ्यापलीकडे खर्च नाही. त्या मराठवाड्यातल्या मुलीला सध्या याहून मोठी देणगी कोणी देऊ शकणार नाही.

राहिले आपले महोत्सव आणि संगीत मंडळं. पत्रिकेवर ‘तरुण कलाकारांना व्यासपीठ’ असं छापलेलं असतं, तरुण कलाकाराला शाल-श्रीफळ आणि जमलं तर प्रवासखर्च मिळतो. मांडववाल्याला कोणी सांगतं का, यंदा अनुभव घे, पैशाचं पुढे बघू? ध्वनिक्षेपकवाला, फुलवाला, बॅनर छापणारा, सगळ्यांची बिलं चुकती होतात. पैसे नाहीत असं नसतं. यादीत शेवटी गाणारा असतो, इतकंच. पहिल्या सत्रात गाणाऱ्याचं, तबल्यावरच्याचं आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्या दोघांचं मानधन मांडवाच्या आधी बाजूला काढून ठेवायचं ठरवलं, तर फार तर एखादी कमान कमी लागेल. याला ना सरकारी आदेश लागतो ना नवी योजना. पत्रिका छापायला जाण्याआधी समितीची एक बैठक पुरे.